सावलीतल्या जमिनीसाठी काळी मुसळी : लागवड आणि निगा

ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीकडच्या जुन्या सोसायट्यांत आणि नवी मुंबईत वाशी, नेरूळ, बेलापूरच्या वसाहतींत एक जागा हमखास सापडते. इमारतीची मागची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये चार-सहा फूट रुंदीची मातीची पट्टी असते आणि तिच्यावर आंब्याची, सोनमोहराची किंवा पर्जन्यवृक्षाची सावली दिवसभर पडलेली असते. तिथे लॉनचे गवत लावले, तर पहिल्या पावसाळ्यात ते तग धरते, दिवाळीपर्यंत विरळ होते आणि होळीला उघडी माती उरते. त्यानंतर बहुतेक ठिकाणी पेव्हर ब्लॉक बसवले जातात, नाहीतर झटपट पसरते म्हणून पिवळ्या फुलांचे वेडेलिया लावले जाते. वेडेलिया मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले असून जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. त्याची कांडी जिथे पडते तिथे रुजते आणि एकदा पसरल्यावर ते दुसऱ्या कशालाही जागा ठेवत नाही.

ज्या शहराच्या पाठीशी येऊरचा डोंगर आहे, त्या शहराला सावलीत वाढणाऱ्या झाडांसाठी इतक्या लांब पाहण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे. पावसाळ्यात येऊरच्या जंगलात मोठ्या झाडांखालची जमीन उघडी राहत नाही. रानहळद, शेवळा, पेव, नाना प्रकारचे नेचे आणि त्यांच्या पायाशी काळी मुसळी असा तिथला थर असतो. यातली काळी मुसळी घराजवळच्या पट्टीसाठी मला सर्वांत योग्य वाटते, कारण ती गुडघ्याच्या वर जात नाही, सावली तिला मानवते आणि ती स्वतःहून, पण संथपणे पसरते.

काळी मुसळी ओळखण्यात चूक होण्याची शक्यता बरीच असते, म्हणून आधी तिचे रूप नीट समजून घ्यावे. तिची पाने जमिनीतून थेट झुबक्याने वर येतात, साधारण १५ ते ४५ सेंटिमीटर लांब आणि एक-दोन सेंटिमीटर रुंद असतात, आणि त्यांच्यावर लांबीच्या दिशेने पंख्याच्या घडीसारख्या चुण्या असतात. नुकत्याच रुजलेल्या माडाच्या किंवा शिंदीच्या रोपासारखी ती दिसते. संस्कृतात तिला तालमूली म्हणतात, म्हणजे ताडासारखे मूळ असलेली. पावसाच्या सुरुवातीला पानांच्या बुडाशी, जवळजवळ मातीला टेकलेली, सहा पाकळ्यांची पिवळीधमक फुले उमलतात. फुलाचा देठ म्हणून जे दिसते तो खरे तर बीजकोशाचा लांबट, चोचीसारखा भाग असतो आणि बीजकोश स्वतः पानांच्या आवरणात, मातीच्या पातळीवर किंवा तिच्याही खाली दडलेला असतो. फळ धरले तरी ते सहसा दिसत नाही, ते याच कारणाने. जमिनीखाली सरळ उभा वाढणारा गड्डा असतो. तो बाहेरून काळपट, आतून पांढरट असतो आणि जुन्या झाडात एक फूट खोलीपर्यंत जातो.

सफेद मुसळी ही वेगळी वनस्पती आहे, तिची फुले पांढरी असून उंच दांड्यावर येतात. तिच्या शास्त्रीय नावात बोरिवलीचे नाव आहे, हे येऊरच्या शेजारी राहणाऱ्यांना आवडेल अशी गोष्ट आहे, पण सावलीतला गालिचा म्हणून तिचा उपयोग कमी आहे. शोभेच्या झाडांच्या नर्सरीत रुंद पानांचे, कमरेपर्यंत वाढणारे एक झाड कधी कधी मुसळीच्याच जवळच्या नावाने मिळते. ते तिचे नातलग असले तरी तेही आपल्या कामाचे नाही.

रोपे कुठून आणावीत, याबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती उपटून आणणे हा गुन्हा आहे. कर्नाळा अभयारण्यालाही तोच कायदा लागू आहे. कायदा बाजूला ठेवला तरी काळी मुसळी औषधासाठी गड्ड्यासकट खणली जाते, तिला बी कमी धरते आणि धरलेले बी सहज रुजत नाही, त्यामुळे जंगलातून काढलेले प्रत्येक झाड हे लवकर भरून न येणारे नुकसान असते. औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकांत तिची रोपे आणि गड्डे मिळतात. घेताना ते रोपवाटिकेतच वाढवलेले आहेत का, हे विचारावे. पिशवीतली माती गड्ड्याभोवती घट्ट धरलेली असेल आणि मुळे पिशवीच्या तळापर्यंत गेलेली असतील, तर रोप तिथेच वाढलेले असण्याची शक्यता अधिक. सुट्या मातीत नुकताच खोचलेला जाडजूड, जुना गड्डा दिसला, तर तो घेऊ नये.

जागेची परीक्षा

सावली म्हणजे नेमकी किती सावली, हे पट्टीजवळ उभे राहून पाहिल्याशिवाय कळत नाही आणि एकदा पाहूनही कळत नाही. ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि या दोन तारखांच्या दरम्यान तो किंचित उत्तरेकडे असतो. याचा परिणाम असा की इमारतीच्या उत्तरेकडची जी पट्टी डिसेंबरात पूर्ण सावलीत असते, तिच्यावर मे महिन्यात दुपारचे ऊन थेट पडू शकते. जुलैत ढगांमुळे ते जाणवत नाही, मे महिन्यात मात्र त्या उन्हाने मुसळीची पाने कडेने करपतात. म्हणून जागा एकदा डिसेंबरात आणि एकदा मे महिन्यात, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता पाहावी. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन किंवा दिवसभर पानांतून गाळून येणारा उजेड ही सर्वांत चांगली स्थिती. दोन उंच इमारतींच्या मधल्या बोळात, जिथे दुपारीही वाचता येणार नाही इतका अंधार असतो, तिथे मुसळी जगते पण फुलत नाही आणि पसरतही नाही.

दुसरी परीक्षा पाण्याची. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एवढ्या पावसात पट्टीत पाणी साचून राहत असेल, तर गड्डा कुजतो. दीड फूट लांब-रुंद आणि एक फूट खोल खड्डा खणून त्यात पाणी भरावे. ते तासाभरात जिरले तर जागा चांगली आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल, तर वाफा जमिनीपासून वीतभर उंच बांधावा. खाडीलगतच्या भराव घातलेल्या भागांत जमिनीला खारटपणा असतो आणि उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर दिसतो. अशा ठिकाणी जमिनीत लागवड करण्यापेक्षा उंच वाफ्यात बाहेरची माती भरून करणेच शहाणपणाचे आहे.

माती

सोसायटीच्या पट्टीत वरची दोन इंच माती काढली की विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, टाइल्सचे कपरे असा बांधकामाचा राडारोडा लागतो. एक फूट खोलीपर्यंत तो हाताने वेचून काढावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण मुसळीचा गड्डा सरळ खाली जाणारा असल्यामुळे त्याला वाटेत दगड लागला की झाड आहे तिथेच खुरटते. वेचून झाल्यावर दोन भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले पानखत आणि एक भाग बारीक मुरूम किंवा धुतलेली जाड रेती असे मिश्रण भरावे. रेती खाडीची असल्यास तिच्यात मीठ असते, म्हणून ती टाळावी. शेणखत घालायचे असेल तर ते वर्षभर कुजलेलेच घ्यावे, कारण ताज्या शेणखताबरोबर हुमणी, म्हणजे मुळे कुरतडणारी अळी, येते.

झाडाखालची जागा मात्र अशी सरसकट खणू नये. आंब्याची किंवा सोनमोहराची पोषक मुळे वरच्या फूटभर मातीतच असतात आणि ती तोडली तर ज्या सावलीसाठी हा सगळा खटाटोप आहे ती सावली देणारे झाडच दुर्बळ होते. तिथे मुळांच्या मधल्या मोकळ्या जागा शोधून ओंजळभर मातीचे खळगे करावेत आणि प्रत्येकात एकेक रोप लावावे. अंगठ्याएवढे जाड मूळ लागले की तो खळगा बुजवून बाजूला दुसरा करावा. बुंध्याभोवती मातीचा ढीग रचू नये, त्याने साल कुजते.

लागवड

रोपे पिशवीतली असतील तर मृगाच्या सरी येऊन जमीन पुरती भिजल्यावर, म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, आर्द्रा नक्षत्र लागताना ती लावावीत. पहिल्या पावसाच्या उत्साहात लावलेली रोपे पाऊस आठवडाभर ओढला की कोमेजतात. गड्ड्यांपासून सुरुवात करायची असेल तर ते मे महिन्यात तयार करावेत. स्वच्छ धारदार सुरीने गड्ड्याचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत, काप सावलीत एक दिवस सुकू द्यावेत आणि कापलेल्या बाजूंना चुलीतली राख किंवा हळद लावावी. गड्ड्याच्या वरच्या टोकाचा, डोळा असलेला तुकडा सर्वांत लवकर फुटतो. खालचे तुकडेही फुटतात, पण त्यांना वेळ लागतो, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या ट्रेमध्ये ठेवावेत, नाहीतर उशिरा फुटणारे तुकडे मेले असे समजून फेकले जातात.

लावताना डोळा मातीच्या दोन सेंटिमीटरच खाली असावा. गड्डा खोल पुरला तर फुले मातीतच गुदमरतात. दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवले तर चौरस मीटरला साधारण ४५ रोपे लागतात आणि पट्टी दुसऱ्या पावसाळ्यात भरते. २० सेंटिमीटर ठेवले तर २५ रोपांत काम भागते, मात्र भरायला एक वर्ष अधिक जाते. सहा मीटर लांब आणि एक मीटर रुंद पट्टीसाठी हा फरक २७० आणि १५० रोपांचा आहे. मी नेहमी विरळ लागवडीचाच सल्ला देतो, कारण उरलेली रोपे मुसळी स्वतः तयार करते.

ही तयार करण्याची रीत या वनस्पतीतली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. तिचे पान वाढत वाढत स्वतःच्या भाराने कमानीसारखे वाकते आणि त्याचे टोक ओल्या मातीला टेकते. तिथे टोकाशी बारीक गाठ धरते, गाठीतून मुळे मातीत उतरतात आणि एक नवे रोप उभे राहते. जंगलात हे आपोआप घडते. बागेत आपण फक्त मदत करायची. ऑगस्टमध्ये पावसाचा जोर थोडा उतरल्यावर झाडाची बाहेरच्या फेरीतली लांब, निरोगी पाने निवडावीत, जिथे पट्टी उघडी आहे त्या दिशेला ती अलगद वळवावीत आणि पानाचे टोक मातीला लागेल अशा बेताने खराट्याच्या काडीचा आकडा करून ते दाबून ठेवावे. टोकावर चिमूटभर पानखत टाकावे, पान पूर्ण पुरू नये. दीड-दोन महिन्यांनी टोक हलकेच ओढून पाहावे. ते मातीला धरून असेल तर रोप तयार झाले आहे, पण जुन्या पानापासून ते लगेच तोडू नये. पान आपोआप वाळेपर्यंत नव्या रोपाला त्याचा आधार मिळत राहतो. एका झाडाची दोन-तीन पानेच अशी वापरावीत, बाकीची त्याच्या गड्ड्याच्या पोषणासाठी राहू द्यावीत.

पाणी, खत, पालापाचोळा

पावसाळ्यात पाणी द्यावे लागत नाही. खरी कसोटी ऑक्टोबरात असते. पाऊस गेलेला असतो, ऊन अचानक चढते आणि पहिल्या वर्षीच्या रोपांची मुळे अजून वरच्या वर असतात. त्या महिन्यात आठवड्यातून तीन वेळा, सकाळी, झारीने पाणी द्यावे. नोव्हेंबरपासून आठवड्याला एक वेळ पुरते. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी एकाच रोपावर सतत पडत असेल तर नळी दुसरीकडे वळवावी, कारण त्या जागी गड्डा कुजतो. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी बचत म्हणून झाडांना घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे, परंतु त्यात क्षार साठलेले असतात आणि सावलीत, जिथे माती सावकाश सुकते, तिथे ते वर्षानुवर्षे साचत जातात. ते पाणी लादी पुसायला वापरावे.

खत म्हणून जूनमध्ये आणि ऑक्टोबरात अर्धा इंच जाडीचा पानखताचा किंवा गांडूळखताचा थर पुरेसा आहे. युरियाने पाने लांब आणि लुसलुशीत होतात आणि लगेच लोळतात.

पालापाचोळ्याबद्दल मात्र आग्रहाने लिहावेसे वाटते. जंगलातल्या जमिनीवर पडलेले पान कोणी झाडून नेत नाही. ते पावसात कुजते, माती भुसभुशीत ठेवते, उन्हाळ्यात ओल धरते, आणि मुसळीचे सगळे जगणे या थरावर चालते. आपल्याकडे स्वच्छतेच्या कल्पनेत पट्टी रोज खराट्याने लख्ख झाडली जाते, पिशव्या भरून पाने कचऱ्याच्या गाडीत जातात आणि मग तीच सोसायटी खताच्या गोण्या विकत आणते. मुसळीच्या पट्टीवर खराटा चालवूच नये. आंब्याची मोठी, चिवट पाने हाताने थोडी मोडून तिथेच पसरावीत आणि थर दोन इंचांहून जाड होऊ देऊ नये, म्हणजे कोवळी टोके खाली दबत नाहीत.

फेब्रुवारी ते मे

या चार महिन्यांत बहुतेक लागवडी मोडतात, आणि त्या रोगाने मोडत नाहीत. मुसळी कोरड्या ऋतूत झोपते. पाणी पूर्ण थांबवले तर फेब्रुवारीनंतर पाने टोकाकडून पिवळी पडतात, वाळतात आणि वैशाखात जमिनीवर काहीच दिसत नाही. दहा दिवसांनी एकदा पाणी देत राहिले तर बरीचशी पाने हिरवी राहतात. दोन्ही पद्धती चालतात, कारण गड्डा जिवंत असतो. आमच्या सोसायटीत तीन वर्षे जपलेली पट्टी एका मार्च महिन्यात नव्याने आलेल्या माळीदादांनी वाळके गवत समजून कुदळीने उलटून टाकली. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते आणि तिथे काय आहे हे दाखवणारी एक पाटीही मी लावलेली नव्हती. उलटलेल्या मातीतून जे गड्डे सापडले ते त्याच संध्याकाळी परत लावले, त्यातले निम्म्याहून कमी जूनमध्ये फुटले. तेव्हापासून पट्टीच्या दोन्ही टोकांना झाडाचे नाव आणि ‘खणू नये, जूनमध्ये फुटेल’ एवढा मजकूर असलेली पाटी असते, आणि नवीन माळी आले की त्यांना पट्टीपाशी नेऊन एक गड्डा हातात देऊन दाखवला जातो.

उन्हाळ्यात जमीन उघडी दिसणे ज्यांना आवडत नाही, त्यांनी मुसळीमध्ये दर दोन हातांवर भुईचाफ्याचा एकेक कंद लावावा. भुईचाफा नेमका उन्हाळ्यात, एकही पान नसताना, कोरड्या मातीतून पांढरी-जांभळी सुवासिक फुले वर काढतो आणि पावसात त्याची पाने येतात, त्यामुळे दोघांचे ऋतू एकमेकांना पूरक ठरतात. पट्टीच्या कडेला बारमाही हिरवेपणासाठी पिंपळी लावता येते. ती सरपटत वाढते आणि सावलीत खूश असते, पण मुसळीपेक्षा जोमदार असल्यामुळे दर दोन महिन्यांनी छाटावी लागते. मागे भिंतीलगत रानहळदीचे कंद ठेवल्यास पावसाळ्यात तिच्या तुऱ्यांचा गुलाबी-जांभळा शेंडा मुसळीच्या हिरव्या झुबक्यांमागे फार शोभून दिसतो.

उपद्रव

पावसाळ्यात आफ्रिकन गोगलगाय ही एकच मोठी अडचण. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन पट्टी पाहावी आणि गोगलगायी वेचून काढाव्यात, हातमोजे घालूनच, कारण त्यांच्या अंगावर माणसाला अपाय करणारे परजीवी असू शकतात. त्यांच्यावर मीठ टाकू नये, ते मीठ मातीत उतरते. घुशी गड्ड्याभोवती बिळे करतात, त्या जागी माती दाबून वर चपटे दगड ठेवावेत. तण काढताना वेडेलिया आणि सिंगोनियम यांच्या कांड्या मुळासकट उपटून पट्टीबाहेर न्याव्यात. मुसळीचे कोवळे रोप गवतासारखे दिसते, तेव्हा उपटण्याआधी पान बोटांत धरून पाहावे. लांबीच्या चुण्या हाताला स्पष्ट लागल्या तर ते राहू द्यावे.

जमीन नसलेल्यांनी उत्तरेच्या बाल्कनीत कुंडी वापरावी, पण ती किमान बारा इंच खोल असावी. उथळ पसरट कुंडीत गड्डा तळाला टेकला की वाढ थांबते. मुसळीचे औषधी गुण ऐकून घरचा गड्डा काढून खाण्याचा प्रयोग वैद्यांच्या सल्ल्याशिवाय कोणीही करू नये.

चौथ्या वर्षी झुबके दाटतात आणि मधली फुले कमी होतात. त्या वर्षी जूनमध्ये, पहिली पाने बोटभर वर आल्यावर, दर तिसरा झुबका चारही बाजूंनी फूटभर खोल खणून मातीसकट उचलावा, गड्डे हाताने सुटे करावेत, रिकाम्या खळग्यात पानखत भरावे आणि निघालेली रोपे शेजारच्या इमारतीच्या मागच्या पट्टीसाठी द्यावीत.